क्लिप्सच्या मधली जागा: घरचा व्हिडिओ एडिट करताना ट्रान्झिशनशी झालेली ओळख

ट्रान्झिशन, म्हणजे व्हिडिओची एक क्लिप संपून दुसरी सुरू होताना मध्ये लावायचा इफेक्ट, लावायला काहीच कष्ट पडत नाहीत. यादीतून उचलायचं, दोन क्लिप्स जिथे जुळतात तिथे आणून सोडायचं, झालं. मला शिकायला वेळ लागला तो पुढच्या गोष्टींना. कुठल्या सांध्यावर ट्रान्झिशन लावायचं, कुठे साधा कट (एक क्लिप थांबली की लगेच दुसरी) ठेवायचा, आणि लावायचं ठरलंच तर त्यासाठी लागणारं फुटेज आपल्याकडे आहे का? हे सगळं मी एकाच व्हिडिओवर शिकले, म्हणून तो कसा घडत गेला तेच लिहिते.

आजोबांनी हाताने एक लाकडी खुर्ची केली. फळीला पहिल्यांदा करवत लागली तिथपासून शेवटचा पॉलिशचा हात बसेपर्यंत बरेच महिने गेले, कारण ते रोज थोडंच काम करायचे आणि गुडघा दुखायला लागला की काम बंद पडायचं. मी, आई आणि धाकटा भाऊ, ज्याला जमेल तो मोबाइल काढून शूट करत होता. खुर्ची झाली तेव्हा तीन मोबाइलमध्ये मिळून क्लिप्सचा ढीग होता: काही दहा सेकंदांच्या, काही वीस मिनिटांच्या, काही उभ्या, काही आडव्या. त्यातून घरातल्या सगळ्यांना एका बैठकीत बघता येईल असा व्हिडिओ करायचं मी अंगावर घेतलं. सॉफ्टवेअर म्हणून दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घेतली.

ट्रान्झिशनकडे जाण्याआधी फ्रेम रेट, म्हणजे एका सेकंदात किती चित्रं (फ्रेम) दाखवायची, तो ठरवावा लागतो. तो नीरस भाग आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं असतं. आमचा एक मोबाइल सेकंदाला ३० फ्रेमने शूट करत होता, दुसरा ६०ने, आणि तिसऱ्याचा वेग उजेडाप्रमाणे कमीजास्त होत होता. मोबाइलमध्ये हे सर्रास असतं, त्याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. अशा क्लिप्स लांब असल्या की चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटू शकतात. म्हणून त्या क्लिप्स आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढून एकसारख्या ३० फ्रेमच्या करून घेतल्या, आणि प्रोजेक्टही ३०चाच ठेवला. काही सॉफ्टवेअरमध्ये क्लिप्स टाइमलाइनवर (क्लिप्स ओळीने मांडायच्या पट्टीवर) आल्यानंतर हा आकडा बदलता येत नाही, तेव्हा तो सुरुवातीलाच पक्का करून टाकलेला बरा.

त्यानंतर सगळा व्हिडिओ फक्त साध्या कटने जोडून काढला. एकही ट्रान्झिशन नाही. हे मुद्दाम केलं. कच्चा जोड एकदा सलग बघितला की कुठे अडखळायला होतं ते आपोआप कळतं. बघताना वहीत प्रत्येक सांध्यापुढे एकच गोष्ट लिहीत गेले: या दोन क्लिप्सच्या मध्ये काय गाळलं आहे? कुठे लिहिलं 'काहीच नाही, तीच क्रिया पुढे चालू'. कुठे 'अर्धा तास'. कुठे 'दोन महिने, गुडघा'. कुठे 'दिवस तोच, पण आजोबा अंगणातून आत आले'. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्या वहीनेच घेतले. प्रेक्षकाला सांध्यात काय झालं ते दिसत नाही, त्याला ते आपणच सांगावं लागतं, आणि सांगायची साधनं मोजकीच आहेत.

'काहीच नाही' लिहिलेल्या सांध्यांवर मी काहीही लावलं नाही. एका दिवशी भाऊ आणि मी दोन बाजूंनी एकाच वेळी शूट करत होतो. आजोबा पटाशी धरून वर हातोडीचे घाव घालत होते. माझ्या मोबाइलमध्ये ते कमरेपासून वर दिसतात, भावाच्या मोबाइलमध्ये फक्त पटाशी आणि लाकूड. पहिली क्लिप हातोडी खाली यायला लागली तिथे कापली, आणि दुसरी हातोडी खाली येत असतानाच उघडली. घाव दुसऱ्या क्लिपमध्ये बसतो. डोळा त्या हालचालीच्या मागे असतो, त्यामुळे चित्र बदललं हे जाणवतसुद्धा नाही. दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे सरकवून बघाव्या लागतात, कारण हातोडी दोनदा खाली आल्यासारखी वाटली किंवा अर्ध्यातून उडी मारल्यासारखी वाटली की सांधा उघडा पडतो. याच जागी डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरघळत दुसऱ्यात मिसळणारं ट्रान्झिशन, लावून बघितला तर अर्थच बदलला. आजोबा मधे कुठेतरी थांबले, चहापाणी करून परत आले आणि पुन्हा ठोकायला लागले असं वाटतं. डिझॉल्व्ह म्हणजे वेळ गेला, हे आपण इतकी वर्षं पडद्यावर बघत आलोय की ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पहिला डिझॉल्व्ह लावायला गेले तो 'अर्धा तास' लिहिलेल्या सांध्यावर. फळीवर पेन्सिलने आखणी चालली आहे, आणि पुढच्या क्लिपमध्ये फळी अर्धी कापून झाली आहे. सांध्यावर क्लिक करून ट्रान्झिशन लावल्याबरोबर सॉफ्टवेअरने विचारलं, की क्लिप्सना लागणाऱ्या जादा फ्रेम शिल्लक नाहीत, तर क्लिप्स आखूड करून लावू का? म्हणजे काय ते आधी नीट समजून घेतलं, आणि माझ्या मते ट्रान्झिशनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

डिझॉल्व्ह चालू असतो तेव्हा पडद्यावर दोन्ही क्लिप्स एकदम चालू असतात. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मधोमध बसवला, तर कट झाल्यानंतरही पहिली क्लिप अर्धा सेकंद चालू राहायला हवी, आणि कटच्या अर्धा सेकंद आधीच दुसरी सुरू व्हायला हवी. ३० फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक बाजूला १५ फ्रेम. या फ्रेम कुठून येणार? आपण कापून बाजूला ठेवलेल्या भागातून. या शिल्लक भागाला एडिटर लोक हँडल म्हणतात. क्लिप अगदी शेवटच्या फ्रेमपर्यंत वापरली असेल तर हँडल उरतच नाही. मग काही सॉफ्टवेअर शेवटची फ्रेम गोठवून वेळ भरून काढतं, आणि हलतं चित्र विरघळता विरघळता एकदम थिजतं. प्रीमिअर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर अशा ट्रान्झिशनवर तिरप्या रेघा दाखवतं, त्या दिसल्या की समजायचं, इथे गोठवलेल्या फ्रेम आहेत.

आजोबांच्याच एका क्लिपमध्ये ते भावाला सांगतात, "रेघेवर कापू नये रे, रेघेच्या बाहेर कापावं. उरलेलं रंध्याने काढता येतं." हँडलचं गणित तंतोतंत हेच आहे. रेकॉर्डिंग काम सुरू होण्याच्या दोन सेकंद आधी दाबावं आणि संपल्यावर दोन सेकंद चालू ठेवावं, एवढीच ती शिल्लक.

पण हँडल नुसतं असून भागत नाही. त्यात काय आहे तेही बघावं लागतं. आखणीच्या त्या क्लिपमध्ये मी पहिल्यांदा वापरलेल्या तुकड्यानंतर आजोबा मान वर करतात, थेट कॅमेऱ्यात बघतात आणि "झालं का?" विचारतात. ते मी कापून टाकलं होतं. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह लावला आणि फळीच्या चित्रात आजोबांची वर होणारी मान, भुतासारखी अर्धपारदर्शक, परत आली. कापलेला भाग डिझॉल्व्हमध्ये परत दिसतो. यावर उपाय दोन: एकतर कट अर्धा सेकंद अलीकडे आणायचा, म्हणजे मान वर व्हायच्या आत पहिली क्लिप पूर्ण विरघळलेली असते, नाहीतर ट्रान्झिशन मधोमध न ठेवता कटवरच संपेल असं सरकवायचं. रिझॉल्व्हमध्ये ट्रान्झिशनच्या अलाइनमेंटमध्ये हे तिन्ही पर्याय असतात: कटवर संपणारं, मधोमध असणारं आणि कटवर सुरू होणारं. कटवर संपणारं निवडलं की पहिल्या क्लिपला हँडल लागतच नाही, सगळी शिल्लक दुसऱ्या क्लिपकडून घेतली जाते. मी तेच केलं, कारण दुसऱ्या क्लिपच्या सुरुवातीला भावाने भरपूर वेळ नुसती फळी धरून ठेवली होती.

सगळी सॉफ्टवेअर हे एकाच पद्धतीने करत नाहीत, आणि सॉफ्टवेअर बदलणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. शॉटकट आणि ओपनशॉटमध्ये एक क्लिप ओढून दुसरीवर थोडी चढवली की जेवढा भाग एकमेकांवर आला तेवढं ट्रान्झिशन आपोआप तयार होतं. समजायला हे फारच सोपं आहे, दोन क्लिप्स एकमेकांवर आलेल्या डोळ्यांना दिसतात. पण क्लिप मागे ओढल्यामुळे एकूण व्हिडिओ तेवढा आखूड होतो. दहा सांध्यांवर एकेक सेकंद चढवलं आणि त्यानंतरचं सगळं मागे सरकत गेलं, तर शेवट दहा सेकंद अलीकडे येतो. संगीताच्या ठेक्यावर चित्र बसवलं असेल तर पहिल्या डिझॉल्व्हपासून पुढचं सगळं सुटतं. म्हणून ट्रान्झिशन ठरल्याशिवाय संगीताला हात लावायचा नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतला. फोटो आणि अक्षरांच्या पाट्या यांना मात्र ही अडचण नाही. स्थिर चित्र हवं तेवढं लांबवता येतं, त्याला हँडल कायमच असतं.

ही दोन चित्रं एकदम चालवायची गरज पूर्वी किती जड होती ते वाचल्यावर मला आपल्या माऊसच्या एका ओढीचं खरोखर अप्रूप वाटलं. चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळात डिझॉल्व्ह कॅमेऱ्यातच करत. शॉट संपताना उजेड हळूहळू बंद करायचा, फिल्म तेवढीच उलटी गुंडाळायची आणि त्याच पट्टीवर पुढचा शॉट हळूहळू उजेड वाढवत घ्यायचा. दोन्हीतला एक बिघडला की दोन्ही गेले. पुढे हे काम लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर (एका फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर चित्र उतरवणाऱ्या यंत्रावर) व्हायला लागलं. १६ मिमी फिल्मवर काम करणारे शॉट्स दोन वेगवेगळ्या रोलवर आलटूनपालटून लावून देत, आणि लॅबचे डिझॉल्व्ह ठरावीक लांबीचे असत: १६, २४, ३२, ४८, ६४, ९६ फ्रेम. व्हिडिओ टेप आली तरी डिझॉल्व्हसाठी दोन प्लेअर एका तालात चालवून तिसऱ्या मशिनवर रेकॉर्ड करावं लागे, त्यामुळे घरी दोन व्हीसीआर असलेल्या माणसाला साधा कटच शक्य होता. १९९० मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिडिओ टोस्टर आला आणि असे इफेक्ट स्टुडिओबाहेरच्या माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. १९९९ मध्ये आयमूव्ही आणि २००० मध्ये विंडोज मी सोबत मूव्ही मेकर आला, तेव्हा ते खऱ्या अर्थाने घरात पोचलं.

परत खुर्चीकडे. ज्या डिझॉल्व्हवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो व्हिडिओच्या मध्यावर आहे. काम करायच्या टेबलासमोर आम्ही एका जागी ट्रायपॉड ठेवायचो. जमिनीवर खडूची खूण केली होती, तरी मोबाइल दर वेळी किंचित वेगळा बसायचाच. एका क्लिपमध्ये टेबलावर चार पाय आणि आडव्या पट्ट्या सुट्या पडल्या आहेत, आणि नंतरच्या क्लिपमध्ये तिथेच खुर्चीचा सांगाडा उभा आहे. एकातून दुसरं उगवावं असं मला हवं होतं. नुसता डिझॉल्व्ह लावला तेव्हा टेबलाची कड दोन ठिकाणी दिसायची आणि सगळं चित्र थरथरल्यासारखं वाटायचं. तेव्हा दुसरी क्लिप वरच्या ट्रॅकवर (टाइमलाइनच्या वरच्या थरावर) ठेवली, तिची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के केली आणि टेबलाच्या कडेवर कड, खिडकीच्या चौकटीवर चौकट येईपर्यंत ती सरकवली, किंचित मोठी केली, अगदी थोडी फिरवली. मग ओपॅसिटी पूर्ववत करून ती खाली आणली आणि डिझॉल्व्ह लावला. टेबल हलत नाही, खिडकी हलत नाही, फक्त लाकडं उठून खुर्ची होते.

रंगही जुळवावे लागले. एका दिवशी खिडकीतून निळसर उजेड होता, दुसऱ्या दिवशी दिव्याचा पिवळा. कटमध्ये हा फरक एका क्षणात मागे पडतो, पण डिझॉल्व्हमध्ये भिंत डोळ्यांसमोर निळ्याची पिवळी होत जाते आणि लक्ष सगळं भिंतीकडे जातं. दुसऱ्या क्लिपचा व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक) थोडा थंड, म्हणजे निळसर केला, एक्स्पोजर (उजेड) उतरवलं, तेव्हा भिंत स्थिर झाली. लांबी मी अडीच सेकंद ठेवली. एक सेकंदात सांगाडा नजरेत भरायच्या आत येऊन जात होता, आणि चार सेकंदांत कंटाळा यायला लागला. इतर बहुतेक डिझॉल्व्ह मी एक सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवले आहेत. आणखी एक बघायचं म्हणजे डिझॉल्व्हच्या बरोबर मधली फ्रेम, जिथे दोन्ही चित्रं अर्धी अर्धी असतात. तिथे थांबून नजर टाकावी. आजोबांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या क्लिपमधला त्यांचाच चेहरा वाकडा बसला असेल, तर कट थोडा सरकवून चेहऱ्यावर रिकामी भिंत येईल अशी जागा शोधावी.

ट्रान्झिशनची लांबी ठरवण्याआधी तेवढा तुकडा रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून पूर्ण तयार करून, घ्यावा. डिझॉल्व्ह चालताना संगणकाला दोन व्हिडिओ एकाच वेळी उलगडावे लागतात. मोबाइलचे दाबून छोटे केलेले व्हिडिओ आधीच उलगडायला जड, त्यात दोन एकदम आले की प्रिव्ह्यू अडखळतो. अडखळणाऱ्या प्रिव्ह्यूवर बेतलेली लांबी रेंडर झाल्यावर वेगळीच वाटते.

हे एवढं जुळवून पहिला पूर्ण मसुदा आजोबांना दाखवला. सांगाड्याच्या डिझॉल्व्हवर ते खूश झाले. मग जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "अगं, घासकाम कुठे गेलं? मागे घ्यायला सांग." खरबरीत पायापासून गुळगुळीत पायापर्यंत मी एक सुंदर, मऊ डिझॉल्व्ह लावला होता. वहीत तिथे 'तीन दिवस' लिहिलं होतं, म्हणजे माझ्या हिशोबाने जागा योग्यच होती. पण आजोबांचं म्हणणं होतं की खुर्चीतली सगळ्यात जास्त मेहनत त्याच तीन दिवसांत झाली, खांदे भरून यायचे, आणि इथे तर सगळं आपोआप झाल्यासारखं दिसतं. मला त्यांचं पटलं. डिझॉल्व्ह गेलेला वेळ सांगतो, पण त्या वेळातले कष्ट त्यात विरघळून जातात. तिथे मी डिझॉल्व्ह काढला आणि त्या तीन दिवसांतले तुकडे साध्या कटने एकामागोमाग लावले: ८० नंबरचा पॉलिश पेपर आणि उडणारा भुसा, १२०चा, मग २२०चा. कॅमेरा त्याच कोनात, माणूस तोच, कपडे बदललेले, हात तसेच पुढेमागे चाललेले. असा उडी मारणारा कट एरवी टाळायचा असतो, इथे तोच हवा होता. त्या उड्यांमधून तेच ते काम पुन्हा पुन्हा करावं लागलं हे दिसतं. शेवटच्या तुकड्यात आजोबा तळवा पायावरून फिरवतात आणि थांबतात. तो शॉट मी पूर्ण ठेवला, त्याच्या दोन्ही बाजूंना काहीही लावलं नाही.

'दोन महिने, गुडघा' या सांध्यावर फेड टू ब्लॅक आहे. पूर्ण व्हिडिओत तो तिथे एकदा आणि शेवटी एकदा. चित्र काळं होतं, जवळजवळ एक सेकंद काळंच राहतं, आणि मग काम पुन्हा सुरू होतं. फेड टू ब्लॅकने एक प्रकरण संपतं, म्हणून तो दर दोन मिनिटांनी आला तर व्हिडिओ सारखा संपत असल्यासारखा वाटतो. काळ्या पडद्याच्या शेवटी, चित्र यायच्या आधीच, रंध्याचा आवाज सुरू होतो. आजोबा बरे होऊन कामाला लागले हे प्रेक्षकाला आधी कानाने कळतं.

वाइप (नवं चित्र जुन्याला पुसत येतं), पुश (ढकलत येतं), पान उलटणं, चांदण्यांच्या आकारात उघडणं हे सगळं मी एकदा लावून बघितलं, आणि त्यातलं एकच ठेवलं. आजोबा अंगणातून आत येतात तिथे ते चालत चालत मोबाइलच्या अगदी समोरून जातात आणि त्यांच्या सदऱ्याने क्षणभर सगळी फ्रेम झाकली जाते. सदरा फ्रेम भरतो त्या क्षणी पहिली क्लिप कापली, आणि आतल्या खोलीतली क्लिप दुसऱ्या ट्रॅकवर ठेवून सदऱ्याच्या मागच्या कडेबरोबर मास्क (चित्राचा ठरावीक भागच दिसू देणारा आकार) सरकवत ती उघडली. सॉफ्टवेअरचा तयार वाइप सरळ रेघेत सरकतो, हा माणसाच्या पाठीबरोबर सरकतो. वेळखाऊ काम आहे, फ्रेमगणिक मास्क हलवावा लागतो, पण जागा बदलली हे त्यातून इतकं सहज सांगितलं जातं की तिथे दुसरं काही शोभलं नसतं. तयार वाइप वापरायचाच असेल तर त्याची दिशा चित्रातल्या हालचालीच्या दिशेने ठेवावी, रंधा डावीकडून उजवीकडे चाललाय आणि वाइप उजवीकडून आला तर दोन्ही एकमेकांशी भांडतात. लखलखाट करणारी ट्रान्झिशन्स मी पूर्ण वगळली. वेबवरच्या सुगमतेच्या नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा झगझगाट नको असं स्पष्ट म्हटलंय, कारण काही लोकांना त्याने झटका येऊ शकतो, आणि घरातला व्हिडिओ लहानमोठे सगळेच बघणार असतात.

आवाजावर मी चित्रापेक्षाही जास्त वेळ दिला, आणि तो सार्थकी लागला. खोलीतला पंखा एका क्लिपमध्ये चालू, दुसऱ्यात बंद. चित्राचा कट कितीही सफाईचा असला तरी पंख्याचा आवाज सांध्यावर तुटला की कान टवकारतात. अशा प्रत्येक सांध्यावर आवाजाला वेगळा क्रॉसफेड (एक आवाज उतरत जातो, दुसरा चढत जातो) दिला, कधी अर्धा सेकंद, कधी एक. इथे एक बारकावा आहे. सरळ रेषेतल्या फेडमध्ये मधोमध दोन्ही आवाज निम्म्यावर, म्हणजे ६ डेसिबल खाली असतात. दोन वेगळे आवाज एकत्र येऊन सुद्धा मध्ये जवळपास ३ डेसिबलचा खड्डा पडतो आणि तो ऐकू येतो. समान शक्तीच्या फेडमध्ये मधोमध दोन्ही ३ डेसिबलच खाली असतात, त्यामुळे पातळी टिकते. प्रीमिअरमध्ये याचं नाव कॉन्स्टंट पॉवर, आणि तिथे तो डिफॉल्टच आहे. शिवाय साध्या कटवरही आवाजाची लाट मध्येच तुटली की बारीक 'टक्' ऐकू येतं. दोन फ्रेमचा फेड दिला की जातं.

करवतीचा आवाज चित्राच्या आधी आणणं हे मला सगळ्यात उपयोगी पडलेलं तंत्र. क्लिपमधला आवाज आणि चित्र यांची जोडी सोडवायची, आणि दुसऱ्या क्लिपचा आवाज चित्राच्या १५-२० फ्रेम आधी सुरू करायचा. आजोबा पेन्सिल कानामागे ठेवतायत आणि तेवढ्यात करवत ऐकू यायला लागते. मग करवत दिसते. याला जे (J) कट म्हणतात, आणि पहिल्या क्लिपचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळला तर एल (L) कट, कारण टाइमलाइनवर आकार त्या अक्षरांसारखा दिसतो. ज्या सांध्यांवर मला वाटत होतं की इथे डिझॉल्व्हशिवाय पर्याय नाही, त्यातल्या निम्म्याहून अधिक सांध्यांवर चित्राचा साधा कट आणि आवाजाचा जे कट एवढ्यावर काम झालं.

आजोबांच्या बोलण्याचे तुकडे हा वेगळा प्रश्न होता. मधला खोकला, "काय म्हणत होतो मी" वगैरे काढलं की चेहरा टुणकन हलतो. रिझॉल्व्हमध्ये स्मूथ कट आणि प्रीमिअरमध्ये मॉर्फ कट नावाचं ट्रान्झिशन यासाठीच आहे. ते दोन फ्रेममधली हालचाल ओळखून मधल्या फ्रेम स्वतः तयार करतं. मान स्थिर आणि मागचं चित्र तेच असेल, आणि लांबी चार-पाच फ्रेम ठेवली, तर सांधा सापडत नाही. पण आजोबा बोलताना हात चेहऱ्यासमोरून नेतात, तिथे बोटं गालावर माखल्यासारखी दिसायची. तिथे मी सरळ त्यांच्या हातांचा किंवा ढलप्यांच्या ढिगाचा शॉट वर टाकला आणि खाली बोलणं चालू ठेवलं.

शेवटी एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं. १०८० पिक्सेलच्या, सेकंदाला २४ ते ३० फ्रेमच्या व्हिडिओसाठी यूट्यूब ८ एमबीपीएस बिटरेट (सेकंदाला किती डेटा वापरायचा) सुचवतं, म्हणून आधी तेच ठेवलं. सगळा व्हिडिओ स्वच्छ आला, फक्त सांगाड्याच्या डिझॉल्व्हमध्ये लाकडाच्या रेषांचे चौकोनी ठोकळे झाले. व्हिडिओ लहान करताना एन्कोडर मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवायचा प्रयत्न करतो. एखादी वस्तू सरकली तर 'हा तुकडा इकडे सरकव' एवढ्यावर भागतं, पण डिझॉल्व्हमध्ये पडद्यावरचा प्रत्येक ठिपका दर फ्रेमला थोडा बदलतो आणि कुठलाच तुकडा सरकलेला नसतो. बिटरेट १६ केला तेव्हा ठोकळे गेले. फाइल दुप्पट झाली, ती मी मान्य केली. घरात पाठवायची प्रत मेसेजिंग ॲपमधून न पाठवता लिंकने दिली, कारण ॲप व्हिडिओ पुन्हा दाबतं आणि पहिला फटका डिझॉल्व्हलाच बसतो.

आईच्या मोबाइलमधल्या काही क्लिप्सना मात्र मी काहीच करू शकले नाही. जागा मोकळी करायला तिने त्या मोबाइलमध्येच ट्रिम करून मूळ काढून टाकल्या होत्या. तुकडे अचूक होते, पण दोन्ही टोकांना एकही फ्रेम शिल्लक नाही, त्यामुळे तिथे डिझॉल्व्ह हवा असूनही साधा कट आहे. आजोबांनी आता एक स्टूल करायला घेतलंय. तिन्ही मोबाइलमधलं सगळं फुटेज दर रविवारी जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवायचं, आणि ते उतरल्याशिवाय मोबाइलमधलं काही ट्रिम करायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. दुसरी प्रत भावाच्या लॅपटॉपवर असते.